लोसाला एक पुटकुळी नाही

...नाही, पण मला सांगा, तेल लाव म्हणणाऱ्याचं काय जातं? तोंड माझं, तेल तिचं! आणि तेल तरी कसं, घरी काढलेलं खोबरेल, त्यात फुलं घालून उन्हात मुरवलेलं, वाटीभर घ्यायची आमची मेलिआमे आत्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकदा, मला चटईवर आडवी पाडायची आणि तोंडावर असं रगडायची, असं रगडायची, की आमच्याकडे लग्नाच्या डुकरालासुद्धा भाजण्याआधी इतकं कुणी चोळत नाही. 'हलू नको गं तापिता! तेलानं बरं होणार नाही असं दुखणं देवानं केलेलंच नाही!' आणि मी खाली डोळे मिटून पडलेली, हनुवटीवर सात, कपाळावर अकरा, उजव्या गालावर... जाऊ दे, गालावरच्या मोजायचं मी सोडून दिलं होतं. वय किती माझं? सव्वीस! सोळा नाही हो, सव्वीस! शाळेत होते तेव्हा सगळे म्हणायचे, वय आहे, जातील. वय गेलं... पुटकुळ्या तिथंच!

आणि लोसाला? एक पुटकुळी नाही!

लोसा म्हणजे माझी धाकटी बहीण. धाकटी म्हणजे किती, तर अकरा महिन्यांनी. एकच आई, एकच बाप, एकच घर, एकाच भांड्यातलं खाणं... आणि खाणं कसं, तर मेंढीच्या बरगडीची चरबी, डब्यातलं मांस, वरून नारळाचं दूध, ही बया दोनदा वाढून घेणार, बोटं चाटणार, त्याच बोटांनी गाल खाजवणार, तोंड न धुता तशीच चटईवर पसरणार, आणि सकाळी उठून बसली की चेहरा कसा? शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत! मी दिवसातून सहा वेळा तोंड धुते, आठवड्याला साबणाची वडी संपवते, आई कावते, आणि माझ्या वाट्याला काय? एकदा डास चावला हो तिला, गालावर, चांगली लाल गांधी उठली, मी आनंदानं उठून बसले... दुपारपर्यंत तीही गायब! जळते का मी? हो, जळते! त्यात लपवायचं काय? ज्याचं जळतं त्याला कळतं.

एरवी मी आपली जळत राहिलेही असते गपगुमान, सवय असते माणसाला. पण मध्ये आला तो नाच. आमच्या गावात, वावाउ बेटावर, चर्चचा नवा हॉल बांधून झाला होता, उद्घाटनाला सरदार येणार होते, आणि सरदारांसमोर तौओलुंगा व्हायचा. एकटी मुलगी नाचते त्यात. गुडघे जुळवायचे, पाय चटईवरून नुसते सरकवायचे, जे काय बोलायचं ते हातांनी आणि मानेनं, आणि शेवटपर्यंत हसायचं. हॉलच्या कामावर देखरेख आमच्या बाबांची, म्हणून नाचणारी मुलगी आमच्या घरातली. आणि थोरली कोण? मी! सात वर्षांची असल्यापासून शिकतेय, हातांना झोपेत उठवलं तरी नाचतील असे हात आहेत माझे. लोसाला नाचता येतं म्हणायचं तर मग कोंबडीला पोहता येतं म्हणा.

पण ठरवणार कोण? आत्या! तुमच्याकडे आत्याला लुगडं-चोळी देऊन वाटेला लावत असाल, आमच्याकडे तसं नाही हो. आमच्या टोंगात बापाची बहीण म्हणजे बापाच्या वर. लग्न असो, मयत असो, सगळ्यात उंच चटई तिची. तिनं आमच्या घरातलं काहीही उचलावं, डुक्कर उचलावं, पंखा उचलावा, आपण म्हणायचं, घ्या ना आत्या, अजून एक आहे. आणि भावानं बहिणीसमोर बसायचंसुद्धा नाही, म्हणजे ती दारातून आत आली की आमचे बाबा मागच्या दारानं बाहेर, ते थेट फणसाच्या झाडाखाली, कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडत. आमच्याकडे सरपण कधी कमी पडलं नाही ते त्यामुळं.

तर आत्या बसली, गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाली, 'थोरलीचा मान थोरलीला. पण हे असलं तोंड घेऊन? सरदारांच्या पुढ्यात? त्यांना वाटेल आम्ही पोरीला भट्टीतून अर्धी कच्ची काढली! अकरा आठवडे आहेत. तोंड साफ झालं तर तापिता, नाही झालं तर लोसा.' आणि लोसा काय करत होती तेव्हा? केळं खात होती! म्हणाली, 'मला चालेल.' चालेल म्हणे! मी एकोणीस वर्षं रक्त आटवलं, आणि हिला चालेल!

मग काय, सुरू झालं तेल. आणि एकटं तेल असतं तरी सोसलं असतं, पण गाव सल्ले द्यायला मोकळंच की. दुकानवाली म्हणाली, दात घासायची पेस्ट लाव, लावली, पुटकुळी तशीच आणि भोवती गोल भाजलं. ऑकलंडची चुलतबहीण फोनवर म्हणाली, लिंबू लाव, लावलं, नाचले मी, पण ते वेगळंच नाचणं. आणि आमच्या पाद्रीबाई, त्यांनी माझा हात हातात घेतला, आवाज एवढा मऊ, एवढा मऊ केला आणि म्हणाल्या, 'तापिता बाळ, तुझ्या मनात कुणाबद्दल वाईट विचार येतात का गं? आतलं बाहेर येतं चेहऱ्यावर.' येतात की! रोज येतात! पण ती समोरच्या बाकावर बसून केळं खाते त्याला मी काय करू?

दोन आठवड्यांनी हनुवटीवरच्या सातच्या चौदा झाल्या. तेव्हा मात्र मी उठले आणि दवाखान्यात गेले. नर्स अकोसिता म्हणजे फाटक्या तोंडाची बाई, पण कामाची. तिनं बॅटरी मारून माझं तोंड असं बघितलं, जसं मेकॅनिक बोटीचं इंजिन बघतो, आणि म्हणाली, 'रोज काय लावतेस?' मी म्हटलं, 'आत्या खोबरेल लावते.' तिनं बॅटरी खाली ठेवली. 'अगं माझे आई! कातडीला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यांच्या तळाशी तेलाच्या पिशव्या. तुझ्या पिशव्या आधीच उतू चालल्यात. त्यात वरची मेलेली कातडी अडकते, बूच बसतं, आत जंतू माजतात, मग सूज, मग पू. आणि तू त्या बुचावर आणखी तेल ओततेस?'

मी म्हटलं, 'म्हणजे तोंड घाण म्हणून नाही? पाप म्हणून नाही?' ती म्हणाली, 'पापानं झाल्या असत्या तर निम्म्या गायनमंडळाला झाल्या असत्या! घासून घासून तू उलट बिघडवलंयस. दोनदा धू, साध्या साबणानं, बास. आणि हे काही पोराटोरांचंच दुखणं नाही, चाळिशीच्या बायका येतात माझ्याकडं, पाळीच्या आधी हनुवटी भरून येते त्यांची. अंगातली ती हार्मोन्स असतात, त्यांचा खेळ. शिवाय घराण्यातून येतं. बापाच्या गालाला खड्डे आहेत ना तुझ्या?' आहेत. 'मग, त्याच्याकडून आलं.' मी म्हटलं, 'तो बाप दोघींचा आहे हो!' तर म्हणाली, 'वाटणी आहे ती. तुझ्या पदरात हे पडलं.' घ्या! घराण्याचा वारसा मिळाला म्हणायचा, तोही थोरलीला!

आणि लोसाला? एक पुटकुळी नाही!

तर दोन मलमं दिली तिनं. एक सकाळी, एक झोपताना, वाटाण्याएवढं, जास्त नाही. 'आधी वाढतील. घाबरायचं नाही. सहा-आठ आठवडे धीर धरायचा. फोडायच्या नाहीत, डाग राहतात. उन्हात टोपी. यानं नाही गेल्या तर डॉक्टरांकडून गोळ्या घेऊ. आणि तेल बंद म्हणजे बंद.' मी म्हटलं, 'नर्सबाई, आत्याला ते तुम्हीच सांगा ना.' तर ती म्हणाली, 'मी? मला याच गावात राहायचंय!' आणि मग, मी उठले, पडद्याबाहेर पाय टाकला, आणि बाकावर बसलेल्या अकरा बायकांच्या देखत ही मागून ओरडली, 'अगं तापिता, गरोदर नाहीस ना? ते झोपतानाचं मलम गरोदर बाईला चालत नाही!'

अहो, मी 'नाही' म्हटलं! मोठ्यांदा म्हटलं! पण आमच्या गावात प्रश्न बोटीनं जातो आणि उत्तर पोहत येतं. मी घरी पोचेपर्यंत आई पंख्याआड तोंड लपवून बसलेली, बाबांनी दोन दिवसांची लाकडं फोडून टाकलेली, आणि आत्या दारात उभी, हातात तेलाची वाटी, 'कोण आहे तो?' 'कोण?' 'तेच विचारतेय मी, कोण आहे तो!' तास गेला मला शपथा घेण्यात. शेवटी आत्याला पटलं, आणि पटल्याच्या आनंदात तिनं मला पुन्हा आडवी पाडली आणि डबल तेल लावलं.

आता आत्याला नको म्हणायची सोय नाही. मग डोकं चालवलं मी. खोटं कशाला बोलू, डोकं नाही, जळकेपणाच चालला. मी म्हटलं, 'आत्या, लोसाचा चेहरा हल्ली कोरडा-कोरडा नाही का वाटत? माझं राहू दे गं, तिचं बघ आधी.' पोटात एक, ओठांत एक! म्हटलं, आत्याला हात दोनच, ते तिकडे गुंतले की मी सुटले. आणि... आणि कुणी सांगावं? खोबरेल ते खोबरेल. झाली तिलाही एखादी, तर? मी चर्चमध्ये गुडघे टेकून मागितलं हो. 'देवा, फार नाही मागत. एक दे. नाकाच्या शेंड्यावर दे.' आत्या तर काय, खूशच झाली. 'धाकटीची काळजी करते, बघा, थोरली असावी तर अशी!'

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं सुरू झालं. रोज दोनदा लोसाची मालिश. ती आरामात पडायची, घोरायची सुद्धा! आणि इकडे मी. पहिले तीन आठवडे काय सांगू, नर्स म्हणाली तसंच, आधी वाढल्या, मग कातडी सोलायला लागली, हसलं की ओठांच्या कडेला चरचर, ऊन लागलं की आग. त्यात ते सकाळचं मलम कापडाचा रंग खातं हे मला कुणी सांगितलं होतं? बाबांच्या निळ्या टॉवेलावर पांढरे डाग. माझ्या रविवारच्या काळ्या झग्याच्या गळ्याभोवती नारिंगी ठिपके! लोसा म्हणाली, 'ताई, तुझ्या झग्याला पण आल्या!' आणि हसली. आणि हसताना तिच्या गालांवर तो उजेड असा काही पडला... तेल पिऊन पिऊन पोरगी झळकायला लागली होती! मी धावत दवाखान्यात गेले, म्हटलं, 'हिला कशा होत नाहीत?' नर्स म्हणाली, 'सगळ्यांना होतात असं नाही. एखादीची कातडी सोसते.' सोसते म्हणे. सोसतेय मी, आणि कौतुक तिच्या कातडीचं!

पण मी सोडलं नाही. मलमाच्या पाचव्या आठवड्यात कपाळ मोकळं झालं. सहाव्यात गाल. आठव्या आठवड्यात एक दिवस मी बंदरावर उभ्या असलेल्या ट्रकच्या आरशात सहज बघितलं, आणि आत एक बाई होती, तिच्या तोंडावर दोनचार फिकट डाग सोडले तर काही नव्हतं... मी तिथंच रडले हो. ट्रकवाला म्हणाला, 'काय झालं, कुणी वारलं का?' मी म्हटलं, 'चौदा वारल्या!'

मग आला परीक्षेचा दिवस. हॉलला आठ दिवस उरलेले. आत्यानं आम्हा दोघींना दारातल्या उजेडात उभं केलं. माझी हनुवटी धरली, इकडे वळवली, तिकडे वळवली. आणि ओरडली, 'बघा! बघा माझ्या तेलाचा गुण! दोन आठवडे लावलं ते आत मुरलं आणि आता वर आलं!' मी ओठ घट्ट मिटले. घे बाई, श्रेय तू घे, नाच मला दे. आणि दिला! 'थोरलीचा मान थोरलीला. तापिताच नाचणार!' एकोणीस वर्षं, तुम्हाला सांगते, एकोणीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. बाहेर बाबांची कुऱ्हाडसुद्धा खुशीत पडल्यासारखी वाटली मला. आणि आत्यानं बाटलीचं बूच काढलं, हातावर तेल ओतलं आणि म्हणाली, 'ये, बघू दे तेल कसं बसतंय.'

आणि माझ्या तोंडून... कसं गेलं माझं मला कळलं नाही हो, आठ आठवडे तेच एक घोकलं होतं ना... माझ्या तोंडून गेलं, 'नको आत्या. तेल नको.'

कुऱ्हाड थांबली. आईनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, जणू ती बोलली होती. आत्या म्हणाली, अगदी हळू म्हणाली, 'तौओलुंगा नाचायचंय... आणि तेल नको?' आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. अहो, तेच तर! तेलानं अंग चमकलं नाही तर तो नाच कसला? नाचणारीला डोक्यापासून पावलांपर्यंत माखतात आमच्याकडे, ती दिव्यात झळकली पाहिजे, लोक पुढं येऊन खांद्याला नोटा चिकटवतात तिच्या, कोरडीला चिकटवणार कशा? हे मला ठाऊक नव्हतं? सात वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं! पण त्या तोंडापायी मी तोंडाशिवाय सगळं विसरले होते. मी घाईघाईनं म्हटलं, 'हातांना लाव, पायांना लाव, खांद्यांना लाव, फक्त तेवढं तोंड...' म्हणजे आधी नकार, आणि वर घासाघीस! कुणाशी? बापाच्या बहिणीशी! आत्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. 'लोसा,' म्हणाली, 'इकडे ये.' आणि लोसा आली, आणि आठ आठवडे मीच तिला तेलावर पोसलेली... दारातल्या उजेडात अशी चमकली, अशी चमकली, की मलाच डोळे मिटावे लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

त्यानंतरचे आठ दिवस मी कुणाशी बोलले नाही. लोसाला हात मात्र मीच शिकवले, आत्याचा हुकूमच होता. बोलले नाही, नुसते हात केले.

उद्घाटनाच्या दिवशी हॉल खच्चून भरलेला, सरदार मधोमध, पुरुषांनी गाणं धरलं आणि लोसा चटईवर आली. इतकी सुंदर दिसत होती मेली! आणि आत्याचं कोपर माझ्या बरगडीत. 'ऊठ. मागं जा.' आमच्याकडे पद्धत आहे, नाचणारीच्या मागं घरचं कुणीतरी उठतं आणि मुद्दाम वाकडंतिकडं नाचतं, पाय फाकवून, डोळे फिरवून, म्हणजे पुढचीचं नाजूक नाचणं आणखी नाजूक दिसतं. मान असतो तो पुढचीचा. मागचीचा नाही! मी म्हटलं, 'मी?' आत्या म्हणाली, 'मग काय, मी?'

गेले. पण मनाशी ठरवून गेले, वाकडं नाचायचंच नाही. नीट नाचायचं, गुडघे जुळवून, मान कलवून, असं नाचायचं की सरदारांनी विचारावं, अहो, ती मागची कोण? आणि नाचले तशी, पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसऱ्या कडव्याला लोसाचे हात थांबले. कुणाला कळलं नाही, मला कळलं. मागून तिची पाठ दिसत होती ना, तिथं तेलावर शहारा आला. विसरली! आणि खरं सांगू? एक क्षण मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. मग तिनं मान वळवली. हसतच होती बिचारी, हसायचं असतं ना शेवटपर्यंत, पण डोळे... लहानपणी विहिरीत बादली पडली की माझ्याकडे बघायची, ते डोळे. माझं काय झालं मला माहीत नाही, मी खेकड्यासारखी तिरकी उडी मारली ती थेट तिच्या पुढ्यात, लोकांकडे पाठ, पाय हे एवढे फाकवलेले, मान लोकांकडे वळवून जीभ बाहेर, बुबुळं नाकाशी... पण हात? हात बरोबर! एकूण एक बरोबर! तिनं माझ्या हातांकडे बघितलं आणि पुढचं कडवं उचललं.

हॉल कोसळला हो हसून! सरदार डोळे पुसत होते, पाद्रीबाईंचा पंखा हातातून पडला, आत्या मांडीवर थापा मारत होती. नोटा चिकटल्या लोसाच्या खांद्याला, दंडाला, कपाळाला. नाच संपला तशी ती धावत आली, माझ्या गळ्यात पडली, म्हणाली, 'ताई, तू नसतीस तर मी मेले असते गं!' आणि तो तेलानं माखलेला गाल माझ्या गालावर घट्ट दाबून धरला. मी पुसायला हात उचलला होता... नाही पुसला. राहू दे म्हटलं. एक दिवसानं काय होतंय.

मग बायकांचा गराडा पडला माझ्याभोवती. म्हटलं, आता बोलतील. आता कुणीतरी म्हणेल, तापिता, चेहरा किती साफ झाला गं! सगळ्या एकसुरात, 'ते पाय! ते बुबुळं फिरवणं! अगं, पोट दुखलं हसून!' चेहऱ्याबद्दल? एक अक्षर नाही! मीच मग गाल जरा पुढं केला, जरा उजेडात केला, तर आत्या म्हणाली, 'बाजूला हो गं, दिवा अडतोय.' आणि पुढं म्हणाली, 'खाडीपलीकडं लग्न आहे पुढच्या महिन्यात, बोलावणं आलंय. लोसा पुढं, तापिता मागं. आणि ती जीभ अजून थोडी बाहेर काढ.'

आता तीन लग्नं झाली, एक वाढदिवस झाला, सगळीकडे मी मागं. नर्स म्हणते, मलम सोडायचं नाही, सोडलं की परत येतात. म्हणजे बघा माझं नशीब... रोज न चुकता मलम लावून तोंड साफ ठेवायचं, आणि चार लोकांत गेलं की तेच तोंड वाकडं करून दाखवायचं!